दोराला भित्रा माणूस

दसरा उलटला की आमच्या विहिरीचं पाणी काळं दिसायला लागतं. पावसाचा गढूळपणा खाली बसलेला असतो, पाणी वरच्या पायऱ्यांपर्यंत चढलेलं असतं, आणि इतकं निवळ असतं की वरून बघणाऱ्याला तळ दिसायला हवा. तो दिसत नाही. नजर खाली खाली जाते आणि मध्येच कुठेतरी विरते. लहानपणापासून मला या विहिरीची भीती वाटते. पन्नाशी उलटली, डोक्यावर केस राहिले नाहीत, तरी वाटते. आमच्या अख्ख्या भरे गावाला हे ठाऊक आहे, त्यामुळे लपवायचं काय!

आज सकाळी मी त्याच विहिरीच्या काठावर दोर हातात घेऊन उभा आहे, आणि दोराचं दुसरं टोक माझ्या मुलीच्या कमरेला आहे.

ऋतुजा माझी एकुलती एक. हिंजवडीत एका कंपनीत होती. कॅब दारात यायची, दारात सोडायची, मी निवांत होतो. दोन महिन्यांपूर्वी तिनं ती नोकरी सोडली. आता ती एका बेटावर चालली आहे. समुद्रातलं प्रवाळ जगतंय की मरतंय याची नोंद ठेवायचं काम आहे. पाठीवर हवेची टाकी बांधायची आणि रोज पाण्यात उतरायचं, वर्षभर. मला हे कळलं तेव्हा मी जेवत होतो. घास तसाच हातात राहिला. बायको म्हणाली, "अहो, पोरगी चांगली बातमी सांगतीय, तोंड काय असं करता?" मी तोंड केलं नव्हतं. ते आपोआप झालं होतं.

आणि जायच्या आधी तिला या विहिरीचा तळ गाठायचाय. जमीन भावकीनं मिळून विकली. घेणारा दिवाळीनंतर विहीर बुजवणार. आमच्याकडे असा रिवाज की ज्यानं तळाचा मूठभर गाळ वर आणला त्यालाच पोहता येतं म्हणायचं. बाकीचे नुसते तरंगतात. मी आजतागायत तरंगणाऱ्यांत आहे.

"पप्पा, समुद्रात जाणार आणि आपल्या विहिरीचा तळ नाही बघितला, लोक काय म्हणतील?" ती पायऱ्यांवरून खाली उतरता उतरता म्हणाली.

"लोक कशाला काय म्हनतील? लोकांना मारुंजीला फ्लॅट बघायचेत," मी म्हणालो.

बबनदादा काठावरच्या दगडावर बसून हसला. हा माझा थोरला चुलतभाऊ. गुडघे गेले, दात गेले, डावा कान तर कधीचाच गेला. म्हणून मी त्याच्या उजव्या बाजूला उभा आहे. पलीकडच्या वावरात भात पिवळं पडलंय, आंबेमोहोराचा वास वाऱ्याबरोबर येतो आणि त्यामागोमाग पिरंगुटकडच्या कुठल्यातरी शेडमधला रंगाचा वासही येतो. तो रंगाचा वास नाकात शिरला आणि माझ्या हातातला दोर ओला नसतानाही मला ओला लागला.

लोखंडावर मारायचा तांबडा रंग. आमचं सगळं तरुणपण त्या वासात गेलं. मी आणि दादा मनोरे उभारणारी माणसं. शेडमध्ये लोखंड कापायचं, भोकं पाडायची, ट्रकात घालायचं, आणि मग त्या लोखंडाच्या मागोमाग जाऊन ते उभं करायचं. कधी डोंगरावर, कधी माळावर. एका खेपेला लोखंड बोटीत चढलं, आणि आम्हीही चढलो. अंदमानच्या बाजूचं, पण अंदमानच्या माणसांनाही लांब वाटावं असं ते बेट होतं. ऋतुजा तेव्हा रांगत होती. निघताना ती माझ्या पँटीला धरून उभी राहायला बघत होती, ते मला बोटीत सारखं आठवायचं.

बेटावर उतरल्यावर आधी वास आला. सुकत घातलेल्या खोबऱ्याचा, सुकत घातलेल्या माशांचा, डिझेलचा, आणि ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांचा एक कुबट, खारट वास. तो कपड्यांत बसायचा आणि धुतला तरी निघायचा नाही. आवाज दोनच. जनरेटरचा, आणि लांब खडकांच्या रांगेवर फुटणाऱ्या लाटांचा. जनरेटर बंद पडला की दुसरा आवाज एकदम जवळ यायचा. आपण झोपलोय त्याच्या उशाशीच पाणी आहे असं वाटून मी पाय पोटाशी घ्यायचो.

आमची झोपडी पत्र्याची, आणि भोवती माड. दुपारी जेवून आडवं झालं की पत्र्यावर नारळ पडायचा. धाडकन! मी ताडकन उठून बसायचो. शेजारच्या बाजेवरून दादा डोळे न उघडता म्हणायचा, "नारळ हाय. झोप." दररोज पडायचा, दररोज मी उठायचो, दररोज तो तेवढंच म्हणायचा. आता इतक्या वर्षांनी मला त्या बेटावरचं काय पुन्हा हवं असं कुणी विचारलं, तर मी ते तीन शब्द मागेन.

उंचीची मला भीती नव्हती, हे सांगितलं पाहिजे. मनोऱ्याच्या शेंड्यावर मी पट्टा लावून तंबाखू मळत बसायचो. वरून सगळं दिसतं. पडलोच तर कुठे पडणार तेही दिसतं. पाण्याचं तसं नाही. पाणी काय लपवून बसलंय याचा पत्ता लागत नाही. वरून ते बेट म्हणजे हिरवा ठिपका, भोवती फिकट पोपटी पाणी, आणि मग एका रेषेवर एकदम गर्द निळं. त्या रेषेला आम्ही 'कड' म्हणायचो. कडेच्या अलीकडे माणूस कमरेएवढ्या पाण्यात उभा राहू शकायचा. कडेच्या पलीकडे तळच नव्हता.

रविवारी मनोऱ्याचं काम बंद. दादा सकाळीच होडी मागून आणायचा. होडीचा मालक तिथलाच, अर्धं हिंदी बोलणारा, सुपारीनं दात लाल झालेला माणूस. त्याच्याकडून आम्ही गळ टाकायला शिकलो. काठी नाही, नुसती दोरी बोटाला गुंडाळायची. शंखात राहणारे खेकडे फोडून गळाला लावायचे. मासा लागला की दोरी बोटात रुतायची आणि खालून कुणीतरी आपल्याला ओळखून हाक मारतंय असं वाटायचं. मला ते अजिबात आवडायचं नाही. दादाला भारी आवडायचं. वर यायचे ते तांबडे, निळे, ओठांवर पिवळी रेघ असलेले मासे. आम्ही ओढ्यातल्या मळ्या आणि खवल्या खाऊन वाढलेली माणसं, हे रंग बघून खायचे की पूजायचे तेच कळेना.

"आरं, कातडं रंगीत हाय, आतून समदे सारखेच," दादा म्हणायचा.

गळावर त्याचं मन भरलं नाही. त्यानं कुणाकडून तरी पाण्यातला चष्मा मिळवला आणि बुडी मारायला लागला. आणि बुडी मारायची ती कशी? तर आमच्या विहिरीत मारतात तशी. कमरेला दोर बांधून.

आमच्याकडे पोर पोहायला शिकवायचं म्हणजे पाठीला पांगाऱ्याचं हलकं, तरंगणारं लाकूड, कमरेला दोर, आणि काठावर दोर धरून घरातलं मोठं माणूस. दोर धरणाऱ्याला एक नियम होता. खालच्यानं बुडी मारली की वरच्यानंही दम धरायचा. आपला दम संपला की त्याचा संपला असं समजायचं आणि ओढायचं. माझा दम नेहमी लवकर संपायचा. खालच्याला तळाशी पोचूही द्यायचो नाही, ओढून काढायचो. शिव्या खायचो. सगळी पोरं म्हणायची, याच्या हातात दोर देऊ नका. दादा एकटा म्हणायचा, द्या.

मी एकदा त्याला विचारलं होतं, मीच का?

"धीट मानूस वर बसून गप्पा हानतो," तो म्हणाला. "भित्रा मानूस पान्यावरचा डोळा काढीत न्हाई. दोराला भित्राच पायजे."

तेच तो बेटावर म्हणाला. होडीचा मालक आमचा दोर बघून पोट धरून हसला. "ये कुआँ थोड़ी है, भाई! रस्सी काहे को?" दादा गंभीरपणे म्हणाला, "हमारे गाव में ऐसाच करते." मग जिथं पाय ठेवाल तिथं नारळ पडलेला असायचा अशा त्या बेटावर त्यानं एक नारळ समुद्राला दिला. पाण्याला हात लावून कपाळाला लावला, "चांगभलं" म्हणाला आणि गेला खाली. होडीवाला हसायचा थांबला. देवाचं नाव घेतलं की कुठलाही माणूस हसायचा थांबतो.

मग सगळे रविवार तसेच गेले. दादा खाली, मी वर. दादाचं डोकं पाण्याखाली गेलं की मी दम धरायचो आणि हातातला दोर सरसर सुटायचा. दोर थांबला की तो तळाला. मग दोराला बारीक हिसके यायचे, म्हणजे तो इकडेतिकडे हात घालतोय. माझी छाती भरून यायची, कानशिलं ठणकायची, मी ओढायचो. वर येऊन तो फुर्रकन पाणी उडवायचा. "जरा थांबला असतास तर, लेका!" कमरेला अडकवलेल्या जाळीत एखादी शेवंड असायची, मिशा हलवत. कधी नुसतीच वाळू.

एकदा त्यानं मला उतरवलंच. कडेच्या अलीकडे, उथळात. चष्मा लावून तोंड पाण्यात घातलं तर कानात तडतड ऐकू आली. फोडणीत मोहरी तडतडते तशी, सगळीकडून, न थांबता. ती कुठून येते ते दिसेना. खडकांना फांद्या होत्या. फांद्यांत मासे उभे होते, माझ्याकडे बघत. एका भोकातून एक तोंड बाहेर आलं, मांडीएवढं जाड, उघडमिट करणारं. मी पाणी प्यायलो, ओरडलो, दादाच्या गळ्यात पडलो. "वाम हाय रं," तो म्हणाला, "आपल्या मुळा नदीतल्यासारखीच. खाऊनपिऊन माजलीया." पण मी मान वळवली तेव्हा मला ती रेघ दिसली होती, पाण्याच्या आतून. पांढरी वाळू उतरत जात होती आणि मग निळं. त्या निळ्यात काहीच नव्हतं. त्याचीच भीती वाटली. वामेचं काय, ती निदान वाम होती.

मग वारा फिरला आणि रसदीची बोट यायची थांबली. रोज वाट बघायची, रोज समुद्र फेसाळलेला. आधी बटाटे संपले, मग कांदे. कांदे संपले की आमच्या माणसांचं डोकं फिरतं. नुसता वरणभात, मग भात आणि मीठ, आणि खोबरं. खोबऱ्याचा वास आला तरी पोट ढवळायचं. मनोऱ्यावर चढताना लोकांचे पाय थरथरायला लागले. एक दिवस समुद्र जरा निवळला. दादानं दोर खांद्यावर टाकला आणि मला म्हणाला, "चल."

"रविवार न्हाई आज."

"पोटाला कुटं कळतंय रविवार!"

होडीवाला तापानं पडला होता. आम्ही दोघंच गेलो. दादानं होडी उथळात थांबवली नाही. सरळ कडेपाशी नेली. तिथं खाली एक कपार आहे आणि कपारीत शेवंडी दाटीवाटीनं बसल्यात असं त्यानं मागं पाहून ठेवलं होतं. होडीखालून पोपटी रंग सरकत गेला आणि पाणी जांभळट झालं. मी होडीच्या काठाला दोन्ही हातांनी धरून बसलो.

"दादा, नको."

"समद्यांना पोटभर घालू आज. तू फकस्त दोर धर."

"दादा, मला भ्या वाटतंय."

"म्हनून तर तुला आनलाय."

त्यानं कमरेला गाठ मारली, आवळून, आमच्या विहिरीवर मारतात तशी. पाण्याला हात लावला, कपाळाला लावला. चांगभलं. मी दम धरला. दोर सरसर गेला, इतका गेला की मला वाटलं संपतो की काय. मग थांबला. मग हिसके आले, बारीक, नेहमीचे. मग ते बाजूला गेले, होडीच्या पुढे. मग थांबले.

माझा दम संपला. मी ओढलं.

दोर आला नाही.

पुन्हा ओढलं. दोर तारेसारखा ताठ. होडी त्या बाजूला कलली आणि पाणी आत आलं. मी पाय रोवून, सगळा भार टाकून ओढलं. हाताची सालं निघाली. खालून एक हिसका आला, मोठा, रागीट. मी आणखी जोरात ओढलं. काय करणार? आमच्याकडे दोर धरणाऱ्याला एकच गोष्ट ठाऊक असते. ओढायचं. विहिरीत दोर सरळ वर येतो, ओढला की माणूस वर येतो. आज्यापणज्यापासून असंच चालत आलंय. मी ओढत होतो आणि मोठमोठ्यानं रडत होतो. "दादा ये! दादा ये की रं!" भोवती चिटपाखरू नव्हतं. लाटा खडकावर फुटत होत्या, आमच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. मला काकू दिसली, दादाची आई, ओसरीवर तांदूळ निवडत बसलेली. तिला जाऊन काय सांगू, हे माझ्या डोक्यात आलं.

मी दोर सोडला आणि उडी मारली.

त्यात शूरपणा काही नव्हता. त्या होडीत एकटं बसण्याची भीती त्या निळ्या पाण्याच्या भीतीपेक्षा मोठी झाली, एवढंच. चष्मा नव्हता. डोळ्यांत मीठ गेलं. सगळं अंधुक, हिरवंनिळं, आणि ती मोहरीची तडतड. दोर माझ्या शेजारून खाली गेलेला दिसला, खडकाच्या एका जाड फांदीखालून वळलेला आणि तिथून पुन्हा वर. आणि त्या वर गेलेल्या टोकाला काळी आकृती, हात मारत होती. तेव्हा मला कळलं. दादा वर यायला बघत होता आणि मी त्याला खाली खेचत होतो. जेवढा मी ओढणार तेवढा तो त्या खडकाकडे जाणार. भिजलेली गाठ त्याच्या बोटांनी सुटत नव्हती.

मी तिथंवर पोचलोच नाही. मी काही केलंच नाही. दोर माझ्या हातून सुटला तेव्हाच तो सैल झाला होता, आणि दादा माझ्या शेजारून वर गेला, दोर मागे ओढत. मी त्याचा पाय धरला. तो मला घेऊन वर आला.

आम्ही होडीला लोंबकळत राहिलो. त्याला उलटी झाली. त्याच्या कानातून रक्त येत होतं. बऱ्याच वेळानं त्याला बोलता आलं. तो माझ्याकडे बघून काय म्हणाला माहीत आहे?

"दोर सोडून कुटं निगाला व्हतास रं, गाढवा?"

मी हसायला लागलो. तोही हसायला लागला. मग मला हुंदके आले ते थांबेनात. त्यानं माझं डोकं आपल्या खांद्यावर दाबून धरलं. शेवंड एकही मिळाली नाही. त्या दिवशीही आम्ही भात आणि मीठच खाल्लं.

पुढं बोट आली, कांदे आले, मनोरा उभा राहिला. शेंड्यावर तांबडा दिवा लागला तेव्हा बेटावरची सगळी माणसं खाली उभी राहून वर बघत होती. त्याआधीची एक दुपार मला आठवते. आम्ही जेवून आडवे झालो होतो. पत्र्यावर नारळ पडला, धाडकन. मी उठून बसलो. दादा उजव्या कुशीवर झोपला होता, डावा कान वर. तो काही बोलला नाही. मी वाट बघितली. त्याचा श्वास संथ चालला होता. तेव्हा मला कळलं की त्याचा तो कान गेला. मी परत आडवा झालो आणि मनातल्या मनात स्वतःलाच म्हणालो, नारळ हाय, झोप. झोप लागली नाही.

तो दोर आम्ही घरी आणला. का आणला, सांगता येत नाही. समुद्राचं मीठ त्यात मुरलेलं, पावसाळ्यात अजून ओलसर होतो. इतकी वर्षं माळ्यावर पडून होता. आज ऋतुजानंच तो खाली काढला. मी आणि दादानं तिला ही गोष्ट कधी सांगितली नाही असं मी धरून चाललो होतो.

मागचा महिनाभर ती गच्चीवर आडवी पडून दम धरायचा सराव करतेय. खाली भाडेकरू पोरांचे कपडे वाळत असतात, ती वर शांत पडलेली असते, छाती न हलवता. मी जिन्यात उभा राहून तिच्याबरोबर दम धरतो. दररोज माझा आधी सुटतो आणि मग तिचा सुटेपर्यंतचा वेळ माझ्यानं काढवत नाही. बायको म्हणते, "तुम्ही तिच्याआधी मराल."

"रेडी, पप्पा?" पाण्याच्या पायरीवरून ती ओरडली.

"न्हाई," मी म्हणालो.

तिनं पाण्याला हात लावला आणि कपाळाला लावला. हे तिला कुणी शिकवलं? मी दादाकडे बघितलं, तर तो आभाळाकडे बघत होता.

ती गेली. मी दम धरला. तिचे तळवे एकदा पांढरे दिसले, मग काळ्या पाण्यात विरले. दोर माझ्या हातातून सुटायला लागला, सरसर, आणि त्या सालं निघालेल्या जागा, ज्या केव्हाच भरून आल्यात, त्या चुरचुरायला लागल्या. खालून बुडबुडे आले. मग तेही थांबले. विहिरीतलं म्हातारं कासव वर येऊन नाक काढून गेलं. दोर थांबला.

माझा दम संपला.

मी ओढलं, अगदी हलकं. दोर ताठ होता.

आई शप्पथ सांगतो, माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. सगळं अंग म्हणत होतं ओढ. हात, पाठ, सगळं. ओढ, ओढ, पोरगी आहे तुझी. आणि मी दोर सैल सोडला. हाताहातानं खाली सोडत गेलो, रडत. इतकी वर्षं मी एवढी एकच गोष्ट शिकलोय. दादानं बसल्या जागेवरून माझा सदरा घट्ट धरला होता. मी उडी मारीन हे त्याला माहीत होतं.

दोर हलका झाला. एकदम. मी वर घेतला तर येतच राहिला, येतच राहिला, आणि शेवटी नुसतं टोक आलं. पाणी निथळणारं, मोकळं.

"दादा!" माझी बोबडी वळली. "दादा, टोक... टोक रिकामं..."

"थांब," दादा म्हणाला.

"सोड मला!"

"थांब की रं जरा!"

आणि विहिरीच्या पलीकडच्या अंगाला, जिथं मी बघतच नव्हतो, तिथं पाणी फुटलं. ऋतुजा वर आली. तिनं एवढा मोठा श्वास घेतला की तो काठापर्यंत ऐकू आला. मग तिनं मूठ वर केली.

मी मटकन खाली बसलो. तिला शिव्या दिल्या की देवाचं नाव घेतलं, आता आठवत नाही. ती पायऱ्या चढून आली, निथळत, थंडीनं दात वाजत होते.

"दोर कपारीत अडकला, पप्पा. मग मी गाठ सोडली. सुटी गाठ होती, एक टोक ओढलं की सुटणारी. काकांनी शिकवलीय."

दादा आभाळाकडेच बघत होता. म्हणजे यानं तिला सगळंच सांगितलं होतं. कधी सांगितलं कोण जाणे. मी त्याच्यावर चिडायला तोंड उघडलं, तर तिनं माझा हात ओढून त्यावर आपली मूठ उघडली. गार, काळा, मऊ गाळ. कुजलेल्या पानांचा आणि जुन्या पाण्याचा वास. त्यात शिंपल्याचा एक कपचा चमकत होता.

"घ्या. अर्धा तुमचा."

मी तो हातात धरून बसलो. पुसावासा वाटेना. पलीकडच्या वावरात कुणीतरी विळा घासत होतं. थोड्याच दिवसांत ही विहीर राहणार नाही, आणि पोरगीसुद्धा इथं नसेल, हे दोन्ही एकदमच माझ्या मनात आलं.

"तितं वर दोर कोन धरनार तुजा?" मी विचारलं.

"तिथं दोर नसतो, पप्पा. जोडीदार असतो. बरोबरच खाली येतो, शेजारी. एकमेकांवर लक्ष ठेवायचं."

"कसा हाय त्यो?"

"अजून कुठं भेटलाय! तिकडे गेल्यावर ठरवतील."

"त्ये काय ठरिवतील? तू ठरीव. गेल्या गेल्या पयलं त्याला विचार, भ्या वाटतंय का म्हनून. न्हाई म्हनला तर दुसरा बघ."

ती हसायला लागली. मग माझ्या तोंडाकडे बघून थांबली आणि शेजारी बसली. ओलं डोकं माझ्या खांद्याला टेकवलं. माझा सदरा भिजला.

दादानं उजवा कान पुढं केला. "काय म्हनतोय?"

"जोडीदार भित्रा बघ म्हणतायत!" ती त्याच्या कानाशी ओरडली.

"मंग बराबर हाय," दादा म्हणाला. त्यानं रिकामा दोर आपल्याकडे ओढला आणि हळूहळू गुंडाळायला लागला. "पर नुस्ता भित्रा भागायचा न्हाई. तुज्या बापाएवढा पायजे."

ऋतुजानं माझ्या खांद्यावरून डोकं उचललं नाही.

"एवढा कुठं मिळायचा, काका," ती म्हणाली.